तेजी उतरण्याआधी

जानेवारी २००८ मध्ये संत्र्याच्या आंबिया बहाराचा शेवटचा हिशोब हातात आला आणि आमच्या घरी त्यातले एक लाख रुपये म्युच्युअल फंडात टाकले. विहीर खोल करायची होती, पण ते काम पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. तोवर पैसा नुसता बँकेत कशाला पडू द्यायचा, असा विचार केला. त्या महिन्यात सेन्सेक्स २१,००० ला टेकला होता. मार्च २००९ मध्ये विहिरीवर माणसं आली, तेव्हा लाखाचे साधारण बेचाळीस हजार उरले होते. तेच विकले, बाकीचे उसने आणले. पुढे नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत, मुहूर्ताच्या सौद्यांच्या दिवशी सेन्सेक्स पुन्हा २१,००० वर पोचला. फंड वाईट नव्हता आणि बाजारही परत वर आला. चुकलं एवढंच, की विहिरीची तारीख मार्च २००९ होती आणि बाजाराला ती माहीत नव्हती.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या भागात बाजारात नव्याने आलेली माणसं. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि सौंसर तहसील त्याच जिल्ह्यात आहे. घरात मराठी, बँकेचे कागद हिंदीत आणि फंडाचं ॲप बहुतेकदा इंग्रजीत, अशी आपली स्थिती. तरी संत्र्याच्या पट्टीचे पैसे आता बगीच्यात उभ्या उभ्या फोनवरून फंडात जातात. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींच्या वर गेली. म्हणजे बहुतेकांनी बाजार पाहिला तो चढतानाच. मधल्या पडझडीही त्यांनी पाहिल्या, पण त्या काही महिन्यांत भरून निघाल्या. वर्षानुवर्षं रेंगाळणारी मंदी त्यांच्या अनुभवात नाही.

तेजी कधी संपणार, हे कुणाला कळतं?

कुणालाच नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात बाजारातल्या अवाजवी उत्साहाबद्दल शंका बोलून दाखवली. तेव्हा नॅस्डॅक निर्देशांक १,३०० च्या आसपास होता. त्या भाषणावर विसंबून कुणी सगळं विकून बसला असता, तर पुढची तीन वर्षं त्याला बाजार चढताना नुसता पाहावा लागला असता. नॅस्डॅक मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर जाऊन मगच कोसळला. एवढ्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला दिवस सांगता आला नाही, तिथे टीव्हीवरच्या पाहुण्याला किंवा व्हॉट्सॲप गटातल्या सल्लागाराला तो कुठून सांगता येणार?

‘निफ्टीचा पीई बघा’ असाही सल्ला मिळतो. कंपनीच्या एका रुपयाच्या नफ्यासाठी बाजार किती रुपये मोजतो, ते पीई सांगतो. २००८ च्या सुरुवातीला निफ्टीचा पीई २८ च्या घरात होता, त्याच वर्षीच्या पडझडीत तो ११ च्या आसपास आला. आकडा कामाचा आहे, पण त्याच्याकडून दिवस काढून घेता येत नाही. शिवाय एप्रिल २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने नफा मोजायची पद्धत बदलली. आधी फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, आता उपकंपन्यांसकट धरतात. त्यामुळे जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवणं बरोबर नाही.

आपल्याला जे कळू शकतं ते दुसरंच आहे. घरात कुठला पैसा कधी लागणार, हे आपल्याला बाजारापेक्षा चांगलं माहीत असतं. सगळी तयारी तिथूनच करायची.

कापसाची तेजी, १८६५

तेजी म्हणजे काय, हे आपल्या मुलखाने शेअर बाजाराच्या कितीतरी आधी कापसात पाहिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. नागपूर-वर्ध्याकडचा आणि वऱ्हाडातला माल मुंबईच्या वाटेला लागला. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती १८६७ मध्ये, म्हणजे या तेजीच्या काळात नागपूरकडचा कापूस आधी बंड्यांतूनच निघत होता.

मुंबईत त्या पैशातून नव्या बँका, नव्या कंपन्या निघाल्या. दलाल प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यांत मोठं नाव. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरला ५०,००० पर्यंत भाव बोलला गेला. खरेदीतला मोठा भाग वायद्याचा होता. आज सौदा करायचा, पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली, कापसाचा भाव उतरला आणि जुलैची ती तारीख उजाडली तेव्हा घेणारे पैसे देऊ शकले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली. पुढे ती बँकही १८६८ मध्ये गुंडाळली गेली. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठात आजही आहे.

या गोष्टीत मला एक बाब मोठी वाटते. कापूस त्यानंतरही विकला गेला, गिरण्या निघाल्या, मुंबई वाढतच राहिली. ज्याच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेली चांगली मालमत्ता होती, त्याला थांबता आलं. ज्याच्या डोक्यावर १ जुलै ही तारीख होती, तो थांबू शकला नाही.

पडझड किती खोल, किती लांब

२२ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ४,४६७ वर बंद झाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो २,००० च्या आत होता. शेअर दलाल हर्षद मेहताचा घोटाळा उघड झाला आणि वर्षभरात निर्देशांक साधारण निम्म्यावर आला. मधे एकदा तो सावरला, पुन्हा पडला, आणि जुलै १९९९ मध्येही ४,५०० च्याच आसपास घुटमळत होता. सात वर्षांत मुद्दल जागच्या जागी. तेवढ्या काळात खताचे, मजुरीचे, शाळेच्या फीचे भाव कुठच्या कुठे गेले.

फेब्रुवारी २००० मध्ये सेन्सेक्स ६,००० च्या वर जाऊन आला आणि सप्टेंबर २००१ मध्ये २,६०० ला उतरला. १० जानेवारी २००८ ला त्याने २१,२०६ चा आकडा दाखवला, २७ ऑक्टोबर २००८ ला दिवसाच्या तळाशी तो ७,६९७ होता. २०२० मध्ये मात्र उलटं झालं. जानेवारीतल्या ४२,००० वरून २३ मार्चला २५,९८१, आणि नोव्हेंबरमध्ये परत ४२,००० च्या वर. नव्या गुंतवणूकदारांना आठवते ती हीच मोठी पडझड, आणि म्हणून पुढचीही दहा महिन्यांत भरून निघेल असं वाटतं. जपानी माणसाला विचारा. त्यांचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं गेली. आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. एका देशाच्या एकाच प्रकारच्या मालमत्तेत घरचं सगळं ठेवायचं नाही, हे मात्र त्यावरून पटतं.

छोट्या कंपन्यांच्या शेअरची गोष्ट आणखी कडक असते. निफ्टी स्मॉलकॅप १०० हा निर्देशांक जानेवारी २०१८ मध्ये उतरायला लागला आणि मार्च २०२० पर्यंत त्याची सुमारे दोन तृतीयांश किंमत गेली. सेन्सेक्स मात्र जानेवारी २०२० पर्यंत चढतच होता. बातम्यांत तेजी आणि घरातल्या कागदावर मंदी, अशी दोन वर्षं त्या लोकांनी काढली. आपल्या गावात आज ‘जास्त परतावा देणारा’ म्हणून जो फंड सुचवला जातो, तो बऱ्याचदा स्मॉलकॅप असतो. मार्च २०२४ पासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांना दर महिन्याला जाहीर करावं लागतं की, त्यांची निम्मी गुंतवणूक विकायची झाली तर किती दिवस लागतील. आपल्या फंडाचा तो आकडा एकदा शोधून पाहा.

आणि एक साधं गणित. शंभराचे पन्नास झाले तर परत शंभर व्हायला पन्नास टक्के पुरत नाहीत, पूर्ण दुप्पट व्हावं लागतं. शंभराचे चाळीस झाले तर अडीच पट.

पैशाला तारीख लावा

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे कास्तकाराला सांगावं लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शेजारच्या वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे वाळले. झाडं चांगली होती, जमीन चांगली होती, दहा-पंधरा वर्षांची मेहनत उभी होती. कमी पडलं ते एका एप्रिल-मे महिन्याचं पाणी. ज्याच्या शेततळ्यात तेवढं होतं किंवा टँकरला पैसे होते, त्याचा बगीचा तगला. बाजारातल्या गुंतवणुकीचंही असंच आहे. ती मरते ती वाईट असते म्हणून कमी वेळा, आणि मधल्या कोरड्या काळात घरात पैसा नसतो म्हणून जास्त वेळा.

म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या खर्चासमोर वर्ष लिहा. मोटर आणि ड्रिप पुढच्या उन्हाळ्यात. मुलीचं नागपूरला कॉलेज तीन वर्षांनी. घराचा वरचा मजला, लग्न, आईवडिलांचं आजारपण, आपलं म्हातारपण.

दोन-तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको, बाजार कितीही चढत असला तरी नको. तो बँकेच्या मुदत ठेवीत, पोस्टात. यात चढतं व्याज शोधत बसू नये, इथे मुद्दल वेळेवर हातात येणं हेच काम आहे. सात-आठ वर्षांपुढचा पैसा शेअरमध्ये राहू द्यावा. त्याला पडझड सोसायला वेळ आहे. अडचण मधल्या पैशाची असते, चार ते सहा वर्षांनी लागणाऱ्या. त्यात थोडा भाग शेअरचा चालतो, पण तारीख जवळ येईल तसा दरवर्षी काही हिस्सा काढून सुरक्षित ठिकाणी नेत राहायचं. मुलगी बारावीत गेली आणि फीचा सगळा पैसा अजून इक्विटी फंडात आहे, असं दिसलं तर तेजीच्या भाषेत तो फायदा असेल, घरच्या भाषेत तो धोका आहे.

अडीअडचणीची शिल्लक किती ठेवायची? बोरगावच्या कारखान्यात दर महिन्याला पगार घेणाऱ्याला सहा महिन्यांचा खर्च पुरे. बगीच्यावर जगणाऱ्या घराला तेवढ्यात भागत नाही. आंबियाची फळगळ झाली, पुढे मृग बहाराला ताण नीट बसला नाही, तर दोन बहार हातचे जातात. माझ्या मते अशा घरात दीड वर्षाचा खर्च बाजाराबाहेर असावा. तेवढा पैसा पडून राहतो म्हणून जीव हळहळतो, हे मला ठाऊक आहे. विहिरीतलं पाणीही पडूनच असतं.

काही न करता वाढलेला धोका

लांबलेल्या तेजीत एक गोष्ट चुपचाप होते. समजा, २३ मार्च २०२० ला कुणाकडे दहा लाख होते. पाच लाख सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात, पाच लाख सहा टक्क्यांच्या ठेवीत. निम्मे-निम्मे, कारण निम्म्याहून जास्त धोका त्याला सोसत नव्हता. सप्टेंबर २०२४ च्या शेवटाकडे सेन्सेक्स ८५,००० च्या वर, म्हणजे जवळजवळ सव्वातीन पट. फंडाचे साडेसोळा लाखांच्या आसपास झाले, ठेवीचे साडेसहा. एकूण तेवीस लाख. आता शेअरचा वाटा किती? बहात्तर टक्के. त्याने एक रुपयाही नव्याने टाकला नाही, तरी धोका निम्म्यावरून जवळपास पाऊणवर गेला.

यानंतर शेअर निम्म्यावर आले तर बहात्तर टक्केवाल्याचे सव्वाआठ लाख जातात. वेळीच पुन्हा निम्मे-निम्मे केलं असतं, साडेअकरा इथे आणि साडेअकरा तिथे, तर पावणेसहा लाख गेले असते, आणि पडलेल्या बाजारात घ्यायला ठेवीत रोख शिल्लक राहिली असती. हे पैसे परत वाटून घेणं म्हणजे बाजार पडणार असं भाकीत करणं नव्हे. झाड एका बाजूला वाढून कलायला लागलं की फांद्या छाटतो, तसंच हे. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात वाटा पाहायचा. ठरवलेल्यापेक्षा दहा टक्क्यांनी ढळला असेल तर सारखा करायचा, नसेल तर वही मिटायची.

सगळं विकून मोकळं व्हावं, असंही काहींना वाटतं. मला ते पटत नाही. सगळं विकलेल्या माणसापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो, परत कधी शिरायचं. मार्च २०२० मध्ये बाहेर पडलेल्या कित्येकांना त्याचं उत्तर सापडलं नाही आणि ते पुढे कितीतरी चढ्या भावात परत आले.

विकताना कराचा हिशोब

२३ जुलै २०२४ पासून, वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर किंवा इक्विटी फंड विकून झालेल्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के.

वरच्याच उदाहरणात साडेसोळातले पाच लाख काढले, तर त्यात नफा सुमारे तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. एकाच वर्षात काढले तर कर साधारण २८,०००, उपकर वेगळा. निम्मे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढले, तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते आणि कर १२,००० च्या थोडा वर येतो. मधे फक्त काही दिवस गेले. तीन आर्थिक वर्षांत वाटले तर कर जवळजवळ शून्यावर येतो, पण कर वाचवायला आणखी वर्षभर थांबण्यात जो धोका आहे, तो वाचलेल्या बारा हजारांपेक्षा कितीतरी मोठा. मी थांबणार नाही.

आपल्याकडच्या कास्तकारांचा एक गैरसमज आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यातून घेतलेल्या फंडाचा नफाही करमुक्त, असं ते धरून चालतात. तसं नाही. संत्र्याचा पैसा करमुक्त आहे, त्याचं व्याज आणि फंडाचा नफा करपात्र. दुसरीकडे, शेतीबाहेरचं उत्पन्न अगदी थोडं असेल, तर मूळ करमुक्त मर्यादेचा न वापरलेला भाग या नफ्यातून वजा करता येतो. ही सवलत कितीतरी घरं घेतच नाहीत. विवरण भरणाऱ्या माणसाला नेमकं हेच विचारा.

सुरक्षित म्हणजे कुठे?

तेजीतून काढलेला पैसा भलतीकडे गेला, तर शेअरमध्ये होता तोच बरा होता म्हणायची पाळी येते. आपल्या अगदी जवळचं उदाहरण नागपूरचं आहे. २००१-०२ च्या सुमारास नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही खासगी दलालांमार्फत सरकारी रोख्यांत दीडशे कोटींच्या आसपास रक्कम गुंतवली. सरकारी रोख्यांहून सुरक्षित काय असतं? पण पैसे गेले आणि रोखे बँकेच्या हाती आलेच नाहीत. न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. त्या बँकेत शेतकऱ्यांच्या ठेवी होत्या. वस्तू सुरक्षित असून भागत नाही, तिचा कागद आपल्या नावावर आला का, हे पाहावं लागतं. ठेवीची पावती, पोस्टाचं पासबुक, फंडाचं खातेपत्रक हातात घेऊन नाव, रक्कम, तारीख तपासल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं समजू नका.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० च्या आधी ही मर्यादा एक लाख होती. सहकारी बँकांना हा विमा आहे, पतसंस्था आणि क्रेडिट सोसायट्यांना नाही. नावात ‘सहकारी’ आणि ‘मल्टीस्टेट’ पाहून लोक फसतात. सहारा समूहाच्या चार सोसायट्यांत अडकलेले पैसे परत देण्यासाठी केंद्र सरकारला जुलै २०२३ मध्ये वेगळं पोर्टल उघडावं लागलं. मोठी रक्कम असेल तर दोन-तीन बँकांत पाच-पाच लाखांच्या आत वाटा.

पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. किसान विकास पत्र आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर मुदतभर मिळतो. ज्येष्ठांच्या योजनेत साठीनंतर तीस लाखांपर्यंत भरता येतात. निवृत्त शिक्षकांनी तरी हे खातं आधी भरावं, मगच फंडाकडे पाहावं. पीपीएफचा दर मात्र बदलू शकतो आणि पैसा पंधरा वर्षं अडकतो, म्हणून तो जवळच्या तारखेसाठी नाही.

रोखे फंड म्हणजे मुदत ठेव नव्हे. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा रोखे योजना गुंडाळल्या आणि गुंतवणूकदारांना पैशासाठी थांबावं लागलं. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण ज्याला मे महिन्यात लागत होते त्याचं काय?

सोन्याबद्दल थोडंच. घरात असावं, दहा-पंधरा टक्के पुरे. तेही पडतं. २०११ मध्ये जगाच्या बाजारात १,९०० डॉलरला गेलेलं औंसभर सोनं २०१५ च्या शेवटी १,०५० च्या आसपास आलं होतं.

बहाराचा पैसा आणि एसआयपी

एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात टाकणं, ही पगारदाराच्या सोयीची रीत आहे. बाजार पडला की तेवढ्याच रकमेत जास्त युनिट मिळतात, म्हणून मंदीत ती बंद करणं हे सगळ्यांत मोठं नुकसान. ज्याची नोकरी पक्की, त्याने तेजी संपली तरी एसआयपीला हात लावू नये.

बगीचेवाल्याचा पैसा मात्र एकदम येतो. दिवाळीच्या मागेपुढे आंबियाचा, होळीच्या सुमारास मृगाचा. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे असतीलच असं नाही, आणि हप्ता परत गेला की बँक दंड लावते. त्याच्यासाठी बरी रीत अशी. पट्टी हातात आली की आधी वर्षाचा खर्च आणि सोसायटीचं कर्ज बाजूला काढायचं, उरलेल्यातला दूरच्या तारखेचा भाग लिक्विड फंडात ठेवायचा आणि तिथून दरमहा ठरलेली रक्कम इक्विटी फंडात जाईल अशी सूचना द्यायची. याला एसटीपी म्हणतात. एका बहाराचा सगळा पैसा बाजाराच्या एकाच दिवसावर लागत नाही.

उसन्या पैशाची तेजी

मध्यप्रदेशात सहकारी सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. हे कर्ज उचलून शेअरमध्ये टाकायचं आणि मधला नफा खायचा, असा सल्ला मी आपल्याच बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ऐकला आहे. हे करू नका. फेडीची तारीख चुकली की शून्य टक्का जातो, पुढचं कर्ज अडतं, आणि खत-औषधाच्या वेळी हात रिकामे राहतात. १ जुलै १८६५ ला ज्यांचं दिवाळं निघालं, त्यांच्यावरही फक्त एक तारीखच होती. सोनं गहाण ठेवून, दलालाकडच्या उधारीवर किंवा फंड तारण ठेवून घेतलेल्या शेअरचंही तेच.

वायदे आणि ऑप्शनबद्दल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारात उतरलेल्या शंभरातल्या ९३ सामान्य माणसांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. हे तेजीच्या वर्षांतले आकडे आहेत. गावातल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या फोनवर हे ॲप असतं आणि घरच्यांना ते ‘शेअर’च वाटतं. मुलाला रागवण्याआधी त्याच्याजवळ बसून गेल्या वर्षाचा नफा-तोट्याचा कागद त्यालाच उघडायला सांगा.

एक वही

हे सगळं ॲपमध्ये राहू देऊ नका. घरात दोनशे पानी वही करा. कुठल्या बँकेत, कुठल्या फंडात किती, खाते क्रमांक काय, वारस म्हणून कुणाचं नाव. बायकोला आणि मुलांना ती कुठे आहे हे माहीत हवं. बाजार पडलेला असताना घरातला कर्ता माणूस गेला, तर मागच्यांना काय विकायचं आणि काय ठेवायचं याचा पत्ता नसतो, आणि मग समोर येईल तो माणूस त्यांना सांगतो.

वर्षातून दोनदा ती उघडावी. एकदा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, कराच्या हिशोबासाठी. दुसऱ्यांदा पोळ्याला. नागपूर-पुण्याला असलेली मुलं तेव्हा घरी येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीपर्यंत (जाम नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेपर्यंत) थांबतात. आंबियाची फळं झाडावर असतात, व्यापारी इसार द्यायला फिरत असतात, येणाऱ्या पैशाचा अंदाज बांधता येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी बैलांचं आटोपलं की अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. प्रत्येक ओळीत काम, तारीख, रक्कम, ठिकाण. शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न, उद्या बाजार निम्मा झाला तर हे काम ठरल्या दिवशी होईल का? ज्या ओळीपुढे ‘नाही’ लिहावं लागेल, तो पैसा त्याच आठवड्यात शेअरमधून काढायचा.

आमच्या वहीतली पहिली ओळ अशी आहे : विहिरीचा गाळ आणि नवी मोटर, येता मार्च, नव्वद हजार, पोस्टात. शेवटच्या रकान्यात ‘होईल’.